निःशस्त्र पाहुणा

(तालुक्याच्या गावातील एका सार्वजनिक वाचनालयाच्या व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा लिखित मजकूर. बोलण्याच्या ओघात झालेली पुनरुक्ती तेवढी गाळली आहे.)



गेल्या जुलै महिन्यात माझे एक शेजारी हातात एक कागद घेऊन माझ्याकडे आले. शेजारी निवृत्त शिक्षक. त्यांची धाकटी मुलगी पुढील शिक्षणासाठी अमेरिकेला निघाली होती. बँकेचे कर्ज, जामीनदार, व्हिसाची मुलाखत ही सगळी दिव्ये पार पडली होती, आणि घरात मेतकूट-लोणच्याची बांधाबांध चालू होती. विद्यापीठाने नव्या विद्यार्थ्यांना जी माहितीपत्रके पाठविली, त्यांत वसतिगृह, विमा आणि थंडीचे कपडे यांच्या जोडीला एक पान असे होते की, आवारात गोळीबार सुरू झाल्यास विद्यार्थ्याने काय करावे. उत्तर तीन शब्दांत होते : पळा, लपा, झुंजा. पळता आले तर पळा. पळता येत नसेल तर दार लावून, दिवा मालवून, फोनचा आवाज बंद करून लपा. आणि तेही साधले नाही तर हाताला लागेल ती वस्तू घेऊन झुंजा. गुरुजींनी तो कागद माझ्यापुढे ठेवला आणि विचारले, "तुम्ही वर्तमानपत्रे वाचता, जगाचे राजकारण सांगता. मला एवढेच सांगा, पोरीला पाठवू का नको?"

मला त्या दिवशी उत्तर देता आले नाही. आज जे बोलणार आहे ते त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर समजा.

शस्त्रकायद्याचा विचार आपण बहुधा दोन बाजूंनी करतो. एक बाजू शस्त्र बाळगणाऱ्याची : त्याला हक्क आहे की नाही, परवाना द्यावा की न द्यावा. दुसरी सरकारची : सुव्यवस्था राखण्यास कायदा पुरा पडतो की नाही. मला एक तिसरी बाजू महत्त्वाची वाटते, आणि ती आहे पाहुण्याची. परक्या देशात पाऊल ठेवणाऱ्या माणसाजवळ शस्त्र नसते, आप्तेष्ट नसतात, तेथील रीतिरिवाज ठाऊक नसतात, पुष्कळदा भाषाही तोडकीमोडकीच असते. तो सर्वस्वी यजमान समाजाच्या भरवशावर असतो. अशा माणसाच्या वाट्याला काय येते, यावरून त्या देशाच्या शस्त्रकायद्याची परीक्षा करावी असे माझे म्हणणे आहे.

ऑक्टोबर १९९२मधील गोष्ट आहे. अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात बॅटन रूज नावाचे शहर आहे. तेथे जपानमधून शाळकरी विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीच्या योजनेखाली सोळा वर्षांचा एक मुलगा राहावयास आला होता. हॅलोवीनच्या निमित्ताने एका मेजवानीचे आमंत्रण त्याला आणि तो ज्या कुटुंबात राहत होता त्या कुटुंबातील मुलाला होते. या सणात मुले सोंगे घेतात. याने पांढरा पोशाख घातला होता. दोघे चुकून भलत्याच घराशी गेले. बरोबर असलेले घर त्याच रस्त्यावर थोडे पुढे होते. त्यांनी घंटा वाजवली. घरातील बाई बाजूच्या दाराशी आल्या, अनोळखी मुले पाहून घाबरल्या, आणि त्यांनी नवऱ्याला बंदूक आणावयास सांगितले. नवरा मोठे पिस्तूल घेऊन दारात उभा राहिला आणि ओरडला, "फ्रीज." म्हणजे जागचा हलू नकोस. शाळेत इंग्रजी शिकलेल्या जपानी मुलाच्या कानाला हा शब्द या अर्थाने कधी लागलाच नसावा. आपण मेजवानीला आलो आहोत असे हसत सांगत तो पुढे झाला. त्याच्या हातात कॅमेरा होता. एक गोळी छातीत लागली आणि रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच मुलगा गेला.

पुढच्या वर्षी मे महिन्यात खटला चालला. ज्यूरीने काही तासांच्या विचारविनिमयानंतर घरमालकाला निर्दोष सोडले. या ज्यूरीला मी दुष्ट म्हणत नाही. आपल्या घराच्या दारात कोणी अनोळखी आला तर त्याला गोळी घालण्याचा अधिकार घरमालकाला असावा, हे त्या बारा माणसांना आपल्याही घराच्या संदर्भात मान्य होते. मी त्याच्या जागी असतो तर, हा विचार त्यांच्या मनात आला असणार. मी त्या मुलाच्या जागी असतो तर, हा विचार आला नाही. पुढे दिवाणी न्यायालयाने घरमालकाला साडेसहा लाख डॉलरांहून अधिक भरपाई द्यावयास लावली. म्हणजे कृत्य अनावश्यक होते हे एका न्यायालयाने मानले, आणि गुन्हा नव्हता हे दुसऱ्याने.

मुलाच्या आईवडिलांनी जे केले ते मला विशेष सांगावयाचे आहे. त्यांनी जपानमध्ये अमेरिकेतील घराघरांतून बंदुका हटवाव्यात अशा मागणीच्या निवेदनावर सह्या गोळा केल्या. सतरा लाखांच्या आसपास सह्या झाल्या. ज्या अमेरिकन कुटुंबात मुलगा राहत होता त्यांनीही आपल्या देशात सह्या जमविल्या. नोव्हेंबर १९९३मध्ये हे आईबाप अध्यक्ष क्लिंटन यांना भेटले. त्याच महिन्याच्या अखेरीस पिस्तूल विकण्यापूर्वी गिऱ्हाइकाची चौकशी सक्तीची करणाऱ्या ब्रॅडी कायद्यावर अध्यक्षांची सही झाली. त्या कायद्यामागे अमेरिकन लोकांचीच अनेक वर्षांची चळवळ होती. सगळे श्रेय जपानी सह्यांना देणे बरोबर होणार नाही. पण याच मायबापांनी मुलाच्या नावाने एक निधी उभारला आणि त्यातून दरवर्षी एका अमेरिकन विद्यार्थ्याला जपानमध्ये राहावयास बोलावण्याची सोय केली. बंदूक नसलेल्या समाजात माणसे कशी जगतात हे त्या देशाच्या मुलांनी डोळ्यांनी पाहावे, हा त्यांचा हेतू. सूड घेण्याचा याहून सुसंस्कृत प्रकार मला माहीत नाही.

आता तो अमेरिकन विद्यार्थी जपानमध्ये काय पाहतो? तेथे सामान्य नागरिकाला पिस्तूल बाळगता येत नाही. शिकारीची बंदूक वा हवेची रायफल हवी असेल तर वर्गात बसावे लागते, लेखी परीक्षा द्यावी लागते, नेमबाजीची चाचणी द्यावी लागते, मानसिक प्रकृतीचा दाखला आणावा लागतो, आणि पोलीस घरच्यांकडे व शेजाऱ्यांकडे चौकशी करतात. बंदूक आणि काडतुसे निरनिराळ्या कुलपांत ठेवावयाची आणि दरवर्षी पोलिसांना दाखवावयाची. १९५८च्या कायद्याने घातलेली ही चौकट पुढे अधिकाधिक घट्ट होत गेली. बारा कोटींच्या त्या देशात गोळीबाराने मरणाऱ्यांची संख्या बहुतेक वर्षी दहाच्या आत असते. अमेरिकेत २०२१ या एका वर्षी ती ४८,८३० होती.

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, मग शिंझो आबे यांचा खून कसा झाला? प्रश्न रास्त आहे. ८ जुलै २०२२ रोजी नारा शहरात, भर प्रचारसभेत, माजी पंतप्रधानांवर गोळ्या झाडल्या गेल्या. मारेकऱ्याने ती बंदूक नळ्या व चिकटपट्ट्या वापरून घरी तयार केली होती. कारण ती त्याला विकत मिळाली नाही. तो कायद्याला चुकवू शकला. पण एका माणसाला जे साधावयास महिनोन्महिने खपावे लागले ते अन्यत्र दुकानात जाऊन तासाभरात साधते. ही तुलना ज्याला पटत नाही त्याच्याशी मी वाद घालणार नाही.

अमेरिकेच्या आकड्याविषयीही एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. त्या ४८,८३०पैकी निम्म्याहून अधिक मृत्यू आत्महत्येचे आहेत. खुनांतही ओळखीच्यांनी ओळखीच्यांचे केलेले, गरीब वस्त्यांतील टोळीयुद्धातले, आणि त्यांतही काळ्या तरुणांचे प्रमाण फार मोठे आहे. परदेशी प्रवाशाला गोळी लागण्याची शक्यता त्या मानाने थोडी. जगातील अनेक सरकारे आपल्या नागरिकांना अमेरिकेत जाताना सावध राहा म्हणून सांगतात. ऑगस्ट २०१९मध्ये टेक्सस आणि ओहायोतील हत्याकांडांनंतर डेट्रॉइटच्या जपानी वकिलातीने अमेरिकेला बंदुकांचा समाज असे संबोधून इशारा दिला. अशा इशाऱ्यांनी प्रवासी थोडा सावध होतो, एवढेच. खरा भार वाहतात ते तेथेच जन्मलेले, ज्यांना परतीचे तिकीट नाही.

पाहुण्याच्या मरणाने एखादे राष्ट्र खडबडून जागे झाल्याचेही उदाहरण आहे. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर पोर्ट आर्थर येथे ब्रिटिशांच्या काळातील कैद्यांच्या वसाहतीचे अवशेष आहेत. आपल्याकडे अंदमानचा तुरुंग पाहावयास लोक जातात तसे तेथे प्रवासी येतात. २८ एप्रिल १९९६ रोजी, रविवारी दुपारी, तेथील उपाहारगृहात जेवत असलेल्या माणसांवर एका तरुणाने स्वयंचलित धाटणीच्या रायफलीने गोळीबार सुरू केला. पस्तीस माणसे मेली. बरीचशी सुटीवर आलेली होती. पहिल्या बळींत मलेशियाहून आलेले दोघे होते. पंतप्रधान होते जॉन हॉवर्ड, निवडून येऊन जेमतेम दोन महिने झालेले. त्यांच्या एकंदर राजकारणाविषयी आपल्या मंडळींना चांगले बोलण्याजोगे फारसे काही नाही. कामगार संघटनांशी त्यांनी केलेला व्यवहार आपण विसरलेलो नाही. पण या एका बाबतीत त्यांनी जे धैर्य दाखविले ते मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. ज्यांच्या मतांवर ते निवडून आले त्या ग्रामीण बंदूकधारकांच्या सभेत ते अंगरख्याखाली चिलखत घालून गेले आणि कायदा होणार असे सांगून आले. हत्याकांडानंतर बारा दिवसांत सर्व राज्यांची सहमती झाली. अर्धस्वयंचलित रायफलींवर बंदी आली, नोंदणी सक्तीची झाली, आणि आत्मसंरक्षण हे परवान्यासाठी पुरेसे कारण मानावयाचे नाही असे ठरले. साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका सरकारने मोबदला देऊन विकत घेतल्या आणि चिरडून टाकल्या. हा पैसा आरोग्यविम्याच्या करात थोडीशी वाढ करून सर्व करदात्यांकडून उभारला गेला. सार्वजनिक सुरक्षिततेची किंमत सर्वांनी मिळून मोजावयाची, हे तत्त्व एका उजव्या सरकारने अमलात आणले.

तरीही कायदा एकदा केला की काम संपले असे होत नाही. डिसेंबर २०२५मध्ये सिडनीच्या बाँडाय किनाऱ्यावर ज्यूंच्या सणासाठी जमलेल्या मेळाव्यावर गोळीबार झाला आणि पंधरा निरपराध माणसे मेली. हल्लेखोरांपैकी एकाजवळ परवान्याच्या बंदुका होत्या. तीस वर्षांत एकेका माणसाजवळच्या बंदुकांची संख्या पुन्हा वाढत गेली होती, तिकडे पुरेसे लक्ष दिले गेले नव्हते.

ऑस्ट्रेलियाच्या कडक कायद्याची दुसरी एक बाजू शेजारच्या देशात दिसली. मार्च २०१९मध्ये न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथे शुक्रवारच्या नमाजाच्या वेळी दोन मशिदींत एका वर्णवर्चस्ववादी माणसाने एक्कावन्न माणसे मारली. त्यांत पाच भारतीय होते. मारेकरी ऑस्ट्रेलियाचा नागरिक. तो न्यूझीलंडमध्ये २०१७मध्ये राहावयास आला, काही महिन्यांत त्याने तेथील परवाना मिळविला आणि मायदेशात जी हत्यारे त्याला सहजी मिळाली नसती ती कायदेशीर दुकानांतून घेतली. येथे प्रवासीच मारेकरी होता, आणि त्याच्या हेतूला दोन देशांच्या कायद्यांतील अंतर उपयोगी पडले. न्यूझीलंडच्या संसदेने महिन्याच्या आत, १० एप्रिलला, ११९ विरुद्ध १ मताने कायदा बदलला. विरोधी पक्षही बरोबर होता. आपल्या संसदेतील गदारोळ पाहणाऱ्या मला त्या आकड्याचा हेवा वाटतो.

याचाच उलटा आणि अधिक दारुण प्रकार मेक्सिकोचा. तेथे कायदा कडक आहे. दशकानुदशके देशभरात बंदुका विकणारे दुकान एकच होते, तेही राजधानीत, लष्कराच्या ताब्यातील. असे असता तो देश टोळ्यांच्या गोळीबाराने रक्तबंबाळ आहे. अमेरिकन बंदूकवाले हे उदाहरण मोठ्या आनंदाने देतात : पाहा, कडक कायद्याने काय साधले? पण २०१४ ते २०१८ या काळात मेक्सिकोत सापडलेल्या आणि माग काढण्यासाठी अमेरिकेकडे पाठविलेल्या शस्त्रांपैकी सुमारे सत्तर टक्के शस्त्रे अमेरिकेतूनच आलेली निघाली. सीमेच्या उत्तरेला दुकानांच्या रांगा आहेत. माणसे काटेरी कुंपणाने अडतात, बंदुका मोटारीच्या बुडाशी बसून खुशाल दक्षिणेला जातात. मेक्सिको सरकारने अमेरिकन कारखानदारांवर दावा लावला. जून २०२५मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने फेटाळला, कारण २००५च्या एका कायद्याने या कारखानदारांना अशा दाव्यांपासून संरक्षण दिलेले आहे. औषधाची बाटली सदोष निघाली तर तिच्या उत्पादकाला जाब विचारता येतो. बंदुकीचा माल कोठे जातो हे विचारण्याची मात्र सोय नाही. भांडवलशाहीत कोणत्या मालाला किती माया मिळते याचे हे बोलके उदाहरण आहे.

आता मी स्वतःच्या बाजूविरुद्धचा पुरावा मांडतो, कारण कडक कायद्याचा समर्थक म्हणून मला तो टाळता येणार नाही. कडक कायदा पाहुण्याला संरक्षण देतो तसाच कधी त्याला चिरडतोही. कॅरिबियन समुद्रात टर्क्स आणि केकस नावाची लहान बेटे आहेत. तेथे बंदूक वा काडतूस जवळ सापडल्यास कमीत कमी बारा वर्षांची सजा देण्याचे बंधन न्यायाधीशांवर होते. २०२४मध्ये काही अमेरिकन प्रवासी तेथे अडकले. शिकारीनंतर सामानाच्या पिशवीत विसरलेली काडतुसे परतीच्या विमानाआधी सापडली. बंदूक एकाजवळही नव्हती. मुलाबाळांची माणसे महिनोन्महिने जामिनावर त्या बेटावर बसून राहिली. अखेर शिक्षा स्थगित होऊन ती सुटली, आणि त्याच वर्षी न्यायाधीशांना तारतम्य वापरता यावे म्हणून कायद्यात दुरुस्ती झाली. या अमेरिकनांची मला दया आली हे खरे, पण पिशवीत काडतुसे आहेत हे ज्याच्या लक्षातही राहत नाही असा माणूस कोणत्या वातावरणात वाढलेला असेल, याचाही विचार मनात आला. २०२३ साली अमेरिकेच्या विमानतळांवर प्रवाशांच्या हातसामानात ६,७३७ बंदुका सापडल्या आणि त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिक भरलेल्या होत्या. पकडलेले बहुतेकजण सांगतात, विसरलो. छत्री विसरावी तशी भरलेली बंदूक विसरली जाते!

आपल्या विमानतळांवरही अशी एखाददुसरी पुंगळी किंवा काडतूस सापडते. १९५९च्या आपल्या शस्त्र अधिनियमात २०१९मध्ये दुरुस्ती झाल्यापासून विनापरवाना काडतूस बाळगण्यालाही किमान दोन वर्षांची कैद आहे. तथापि आपल्या न्यायालयांनी फार पूर्वीपासून एक शहाणपणाचे तत्त्व पाळले आहे : बाळगणे म्हणजे जाणूनबुजून बाळगणे. वस्तू आपल्याजवळ आहे याची जाणीव नसेल तर गुन्हा नाही. या आधारावर दिल्ली उच्च न्यायालयाने अशा कित्येक प्रवाशांवरील गुन्हे रद्द केलेले आहेत. कायदा कडक असावा आणि न्यायाधीश विवेकी असावा, यात मला विसंगती दिसत नाही. अडचण एवढीच की, उच्च न्यायालयापर्यंत जाण्याची ऐपत विमानाच्या प्रवाशाला असते. खेड्यातल्या आठवडा बाजारातून परतताना ज्याच्या पिशवीत काडतूस सापडते त्याला नसते.

येथे आपण आपल्या घराच्या उंबरठ्याशी आलो. आपल्याकडील शस्त्रकायद्याचा जन्म कसा झाला? लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत १८७८ साली शस्त्रकायदा आला. त्याच वर्षी देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही आला. लेखणी आणि तलवार दोन्ही एकाच वर्षी बंद! लॉर्ड रिपन यांनी पुढे वृत्तपत्रांचा कायदा मागे घेतला. शस्त्रांचा मात्र राहिला. या कायद्याने हिंदी माणसाला परवान्यावाचून हत्यार बाळगणे गुन्हा ठरविले आणि युरोपियनांना त्यातून सूट दिली. म्हणजे विलायतेहून कालपरवा बोटीतून उतरलेला साहेब, निव्वळ प्रवासी, खांद्याला दुनळी अडकवून आपल्या रानांतून हिंडू शकत होता. आणि त्या रानाला लागून ज्याची पिढीजात शेती होती त्या कुणब्याला रानडुकरापासून भुईमूग वाचविण्यासाठी कलेक्टरच्या कचेरीत खेटे घालावे लागत. पाहुणा सशस्त्र, यजमान निःशस्त्र! साम्राज्यशाहीचे सगळे चित्र या एका कलमात मावते. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांपासून या कायद्याविरुद्ध ठराव होत आले, अहिंसेच्या महात्म्यानेही १९१८मध्ये या कायद्याचा समावेश इंग्रजी राज्याच्या अत्यंत काळ्या कृत्यांत केला, आणि १९३१च्या कराचीच्या ठरावात नागरिकाच्या मूलभूत हक्कांमध्ये शस्त्र बाळगण्याचा हक्क, नियमांच्या अधीन राहून, नोंदला गेला.

स्वातंत्र्य आल्यावर काय झाले हे आजच्या तरुणांना सांगितले पाहिजे. डिसेंबर १९४८मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी, जे पुढे प्रजासमाजवादी पक्षाचे खंदे संसदपटू म्हणून आपल्याला परिचित झाले, शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती सुचविली. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. बाबासाहेबांचे म्हणणे थोडक्यात असे की, परक्या सरकारने नाकारले म्हणून ती मागणी झाली होती. आता परिस्थिती बदलली आहे. असा हक्क सरसकट दिला तर चोर-दरोडेखोरांनाही त्याच्या आधारे हत्यार मागता येईल. आणि स्वतंत्र देशात भर द्यावयाचाच तर व्यक्तीच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्कापेक्षा देशासाठी शस्त्र धरण्याच्या तिच्या कर्तव्यावर द्यावा. कामतांविषयी मला नितांत आदर आहे, पण त्या दिवशी बाबासाहेब बरोबर होते. ज्या समाजात गावकुसाबाहेरच्या माणसाला पाणवठ्यावर जाणेही मुश्कील होते, त्या समाजात बंदुकीचा हक्क कागदावर सर्वांना मिळाला असता आणि बंदुका कोणाच्या वाड्यांत साठल्या असत्या, हे त्यांना पक्के ठाऊक होते. पुढे बिहारमध्ये जमीनदारांच्या सेनांनी दलित वस्त्यांवर जे केले ते पाहिल्यावर तर याविषयी शंका उरू नये.

१९५९चा अधिनियम आला आणि वंशभेदाचा जो काही अवशेष होता तो गेला. तरी जुन्या खुणा लगेच पुसल्या जात नाहीत. या अधिनियमाच्या दहाव्या कलमात परदेशी पर्यटकाला, सरकारने ठरवून दिलेल्या देशांपैकी एखाद्या देशाचा तो असेल तर, केवळ खेळासाठी बेताची शस्त्रे परवान्याशिवाय बरोबर आणण्याची मुभा ठेवली गेली. वाघाच्या शिकारीला येणाऱ्या पैसेवाल्या पाहुण्यांचा तो काळ होता. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारच बंद झाली आणि त्या सवलतीतला अर्थ बव्हंशी गेला. पण पाहुणा श्रीमंत असेल तर कायदा वाकतो, ही वाकण्याची सवय १८७८पासूनची आहे.

आणि आज? २०१६च्या अखेरीस देशात ३३ लाख ६९ हजारांच्या घरात शस्त्रपरवाने होते, त्यांतले पावणेतेरा लाखांच्या आसपास एकट्या उत्तर प्रदेशात. ही सगळी माणसे जिवाच्या भीतीने परवाना घेतात असे मानावयास मी तयार नाही. लग्नाच्या वरातीत हवेत गोळ्या झाडून वऱ्हाडातलाच एखादा पोरगा मारला गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. परवाना ही प्रतिष्ठेची वस्तू झाली आहे. कंबरेला पिस्तूल लावून फिरणारा नगरसेवक महाराष्ट्रातही आता नवलाचा राहिलेला नाही. उलट आमच्या कोकणात पाहा. वानर आणि रानडुकरे यांनी भाताचे आणि नारळाचे वाटोळे केलेले आहे. शेतसंरक्षणाच्या परवान्यावरची आजोबांची ठासणीची बंदूक नातवाच्या नावावर करून घेण्यासाठी शेतकरी वर्षानुवर्षे हेलपाटे घालतो, आणि निवडणूक लागली की तीच गंजकी बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावयास एस.टी.ने तालुक्याला येतो. खून पडतात ते गावठी कट्ट्यांनी, ज्यांना परवाना लागत नाही. कायद्याचा जाच कोणाला आणि धाक कोणाला, याचा हिशेब अजून १८७८च्याच वहीत चालू आहे असे कधी कधी वाटते.

एक सुखद गोष्ट सांगतो. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१०मध्ये म्युनिकला जाऊन जगज्जेती झाली. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे याने २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफल नेमबाजीत कांस्यपदक आणले. बंदूक घेऊन देशोदेशी प्रवास करणारी ही आपली मुले. प्रत्येक विमानतळावर कागदपत्रे, मोहोरबंद पेट्या, आगाऊ परवानग्या. आणि तरी ती जातात, खेळतात, परत येतात. ब्रिटनमध्ये डनब्लेनच्या शाळेत १९९६ साली सोळा बालके आणि त्यांच्या शिक्षिका मारल्या गेल्यानंतर पिस्तुलांवर बंदी आली, ती इतकी कडक की ब्रिटिश नेमबाजांना सरावासाठी परदेशी जावे लागले. पण २००२मध्ये मँचेस्टरला राष्ट्रकुल स्पर्धा भरल्या तेव्हा तेवढ्यापुरती खास सवलत देऊन पिस्तुलांचे सामने झाले आणि आपल्या जसपाल राणाने तेथे सुवर्णपदके मिळवली. कडक कायद्याने खेळ मारला जातो या आक्षेपाला एवढे उत्तर पुरे.

गुरुजींच्या प्रश्नाकडे परत येतो. मुलगी ऑगस्टमध्ये गेली. मी त्यांना पाठवू नका असे म्हणालो नव्हतो, आणि पाठवा असेही म्हणण्याचे धैर्य मला झाले नव्हते. ज्ञान मिळविण्यासाठी परदेशी जाणाऱ्या मुलीच्या बापाला असा प्रश्न पडावा, ही शरम त्या यजमान देशाची आहे. तिचे ओझे मात्र येथे, आपल्या आळीत, एका वृद्ध शिक्षकाच्या छातीवर आहे.

ऑक्टोबरच्या अखेरीस तिचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याच ओटीवर बसलो होतो. खोलीत बरोबर राहणाऱ्या मुलीचा धाकटा भाऊ हॅलोवीनसाठी सोंग घेऊन घरोघर गोळ्या-चॉकलेट मागत फिरणार होता आणि हिलाही बरोबर चल म्हणत होता. गुरुजींनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग त्यांनी विचारले की, ज्या घरांना जाणार त्यांचे क्रमांक लिहून घेतले आहेत का, आणि दारावरचा दिवा लागलेला नसेल तर काय करणार. ती हसली असावी, कारण गुरुजी जरा रागावून म्हणाले, "हसू नकोस, वाचून दाखव क्रमांक." तिने एकेक वाचून दाखवले, आणि त्यांनी ते आपल्या वहीत उतरवून घेतले.